मौनातलं मंजन

अहो, तुमची कवळी मी जाळली नाही आणि भीमेत सोडलीही नाही. ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, तुमच्याच स्टीलच्या वाटीत, पाण्यात ठेवलीय. वरची आणि खालची, दोन्ही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असणार. ‘दात कुटं हायत?’ सकाळी डोळे उघडले की तुम्ही हेच विचारायचात, चहाच्याही आधी.

दुसरंही सांगते. तुम्ही जे करू नको म्हणाला होतात, ते मी केलं. चारचौघांत केलं. माफी मागायला बसलेली नाही मी, तशी माझी रीतही नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्हाला न विचारता करावं लागलं, हे मनाला लागून राहिलंय. तेरावं उरकलं, आपली मंगल पुण्याला परत गेली, घर रिकामं झालं. म्हणून आज दुपारी अंगणवाडीच्या जुन्या सवयीने कागद-पेन घेऊन बसलेय.

लोक तुम्हाला मंजनवाले मामा म्हणायचे. चादरीच्या कारखान्यात उभा जन्म जॉबर म्हणून गेला तुमचा. अडलेला माग तुमचा हात लागला की चालायला लागायचा, पण ते आता कुणाच्या ध्यानात नाही. दारातल्या ओट्यावर बसून, तांब्या शेजारी ठेवून, बोटाने हिरड्या चोळणारे मामा सगळ्यांच्या ध्यानात आहेत. सत्तरी ओलांडली तरी दात कसे पांढरेशुभ्र. आपल्या गल्लीतल्या बायका लेकरांना सांगायच्या, मामांसारखे दात पाहिजेत ना, मग मामांचं मंजन लाव. आणि ते दात विजापूरच्या डॉक्टरने साचा घेऊन बनवलेले होते, हे तुम्हाला आणि मला माहीत. पुढे मंगल मोठी झाल्यावर तिला. बस्स.

तुमचे खरे दात कसे गेले, ते मी डोळ्यांनी बघितलंय. कापसाची धूळ घशात जाऊ नये म्हणून गालात तंबाखू धरायची, हे तुमच्या खात्यातलं शास्त्र होतं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तुम्ही म्हणालात, उष्णता हाय. पू यायला लागला, तरी उष्णताच. लवंग धरून झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून रुईचा चीक लावलात आणि गालाची आतली कातडी सोलवटून घेतलीत. पेपर वाचता वाचता हलणारा दात जिभेने ढकलत बसायचात, मला बघवायचं नाही. मी डॉक्टर म्हणलं की तुम्ही पायात चपला घालून बाहेर. शेवटी एका रविवारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना पुढचा दात भाकरीतच रुतून बसला. तुम्ही तो उपसून ताटाच्या कडेला ठेवलात, राहिलेली भाकरी आमटीत कुस्करून खाल्लीत, हात धुतलेत आणि म्हणालात, ‘चल, दाखवून येऊ.’

आपल्याच गावात, सात रस्त्याच्या चौकात, दातांचे दवाखाने पायलीला पन्नास. पण तिथे तुम्ही पाऊल टाकायला तयार नव्हतात. बाकावर बसलेलं कुणी बघितलं म्हणजे? तुमच्या कारखान्यात एक म्हातारे रंगारी होते, तोंडाचं बोळकं झालेले. पोरं त्यांच्यासमोर मुद्दाम शेंगदाणे फोडून खायची, त्यांच्यासारखं तोंड करून बोलायची. तुम्हीही त्यात हसला होतात एकेकाळी, असं तुम्हीच मला सांगितलंत. त्या रंगाऱ्यांचं नाव काढून तुम्ही म्हणालात, माझं तसं व्हायला नको. म्हणून मग एसटीने विजापूर. गल्लीत सांगितलं, गोल घुमट बघायला चाललोय.

विजापूरच्या डॉक्टरने आरशात तुम्हाला तुमचंच तोंड दाखवलं. हिरड्यांखाली दगडासारखं कीटण साचलंय, आतलं हाड झिजलंय, आता एकही दात राहण्यातला नाही, म्हणाला. आधी आला असता तर निम्मे तरी वाचवले असते, असंही म्हणाला. ते वाक्य ऐकताना तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. मी मात्र ते वाक्य पदरात बांधून घरी आणलं. आपली जी काही भांडणं झाली ना पुढे, ती सगळी त्या एका वाक्यावरून झाली.

दोन-चार खेपांत सगळे दात निघाले. कवळी बसवायला हिरड्या भरून यायला पाहिजेत, त्याला काही महिने जाणार. इतके दिवस बोळक्या तोंडाने गल्लीत वावरायचं कसं? ती शक्कल तुमचीच. आषाढ तोंडावर आला होता. तुम्ही मला पाटीवर लिहून दाखवलंत, ‘चातुर्मास मौन.’ मी कपाळावर हात मारून घेतला. पण जमलं की हो तुम्हाला. कारखान्यात माग धडधडत असताना तसंही कोण कुणाचं ऐकतंय, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. बाहेर पडताना उपरण्याचं टोक तोंडावर. कुणी काही विचारलं तर हात जोडायचे. मंगल तेव्हा शाळेत होती, तिने बाईंना सांगितलं, आमच्या बाबांनी व्रत घेतलंय. आणि शेजारच्या पद्माक्काने तर कमालच केली. तुमच्यापुढे नारळ ठेवून पाया पडली, तुम्ही खाली बघून बसून राहिलात. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होते.

त्या महिन्यांत जखमा दाखवायला आपण पुन्हा विजापूरला गेलो. डॉक्टरकडून निघाल्यावर एसटीला वेळ होता. तुम्ही म्हणालात, इतक्यांदा घुमटाचं नाव सांगून आलो, आता खरंच बघू. पायऱ्या चढून वर गॅलरीत गेलो. तुम्ही मला एका बाजूला उभं केलंत आणि स्वतः पार समोरच्या बाजूला जाऊन भिंतीला तोंड लावलंत. मी कान लावला. तुम्ही म्हणालात, ‘शालन.’ लग्नानंतर तुम्ही मला नेहमी ‘अगं’ म्हणत आलात, नंतर ‘मंगलची आई’. माझं नाव तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा तिथे ऐकलं, बोळक्या तोंडून, एवढ्या लांबून आणि अगदी कानाशी. मी तशीच कान लावून उभी राहिले. तुम्ही परत आलात तेव्हा मी एवढंच म्हणलं, चला, गाडी चुकेल. त्याचं मला आता वाईट वाटतंय. मलाही भिंतीला तोंड लावून तुमचं नाव घेता आलं असतं, तिथे कोण ऐकणार होतं?

मंजनाची सुरुवातही त्या मौनातच झाली. डॉक्टरने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या होत्या. तुमच्या आईने कधीतरी सांगितलेलं तुम्हाला आठवलं, हिरड्या सुजल्या की बाभळीच्या सालीचा काढा. साल आणलीत, उकळलीत, कोमट करून गुळण्या सुरू केल्यात. हिरड्या लवकर भरून आल्या. डॉक्टरही म्हणाला, छान भरल्यात. सालीने भरल्या की मिठाने की नुसत्या दिवसांनी, देव जाणे. मी तेव्हाही हेच म्हणत होते. पण तुमच्या डोक्यात साल बसली ती बसलीच.

मग काष्ठौषधींच्या दुकानात चकरा. हिरडा, लवंग, सैंधव, तव्यावर फुलवलेली तुरटी, जीभ चुणचुणवणारा अक्कलकारा. कडुलिंबाची पानं सावलीत वाळवायची, उन्हात नाही, यावरून तुम्ही माझ्याशी किती वाद घातलाय. परसातल्या उखळात आपण दोघं समोरासमोर बसून कुटायचो, एक मुसळ तुमचं, एक माझं, आळीपाळीने. तुमचा घाव, माझा घाव. मध्ये बोलायला जागाच नाही, नाहीतर मुसळाला मुसळ लागायचं. मग वस्त्रगाळ करायचं, धोतराच्या मऊ तुकड्यातून. नाकात तुरटी आणि लवंग जाऊन दोघांच्याही शिंकांचा सपाटा. कार्तिकात कवळी बसली, तुम्ही मौन सोडलंत आणि पेढ्याऐवजी गल्लीत मंजन वाटलंत. मौन धरून बनवलेलं मंजन म्हणल्यावर मग काय विचारता. लोक आपापले रिकामे डबे घेऊन दारात उभे राहायला लागले, ते तुम्ही दवाखान्यात जाईपर्यंत.

मंजन वाईट होतं असं मी कधीच म्हणलं नाही. खोटं कशाला बोलू? लोकांनी तंबाखू सोडली ती तुमच्या मागे लागण्याने. मिश्री लावणाऱ्या बायकांसाठी तुम्ही बदामाची टरफलं जाळून मंजन काळं केलंत, मिश्रीसारखं दिसावं म्हणून. पद्माक्का ते दोन महिने आनंदाने लावत होती. मग कळलं, बाईने त्यात मिश्रीच मिसळली होती, चव येत न्हाय म्हणून. तुम्ही दिवसभर जेवला नाहीत त्या दिवशी. तरी दुसऱ्या दिवशी तिचा डबा भरून दिलात. ‘दात घासायचे नसत्यात, हिरड्या चोळायच्या असत्यात,’ हे तुमचं वाक्य आता या गल्लीतलं लहान पोरही म्हणतं. तुम्ही बोट वर करून दाखवायचात, खालून वर, हळू, घाई न्हाय करायची. माणसाचं तोंड उघडून आत बघताना तुमचा आवाज बदलायचा, मऊ व्हायचा. माझ्याशी बोलताना तेवढा मऊ कधी झाला नाही, पण असो.

माझं म्हणणं एवढंच होतं, की लोकांना सांगा. सांगा की माझे दात गेले, मी वेळेत डॉक्टरकडे गेलो नाही म्हणून गेले. मंजन लावा, पण पू यायला लागला, दात हलायला लागला तर मंजनावर बसू नका. हे तुम्ही सांगायचात, पण कसं? ‘वाटलं तर डॉक्टरला दाखव की,’ असं, जाता जाता. आणि समोरचा तुमच्या त्या पांढऱ्याशुभ्र दातांकडे बघत असायचा. तो कशाला डॉक्टरकडे जातोय? त्याला वाटणार, मामांचे दात मंजनाने टिकलेत, माझेही टिकतील.

हे भांडण आपलं कितीदा झालं, त्याची मोजदाद नाही. तुमचं उत्तर ठरलेलं. ‘बोळक्या माणसाचं मंजन कोन घील?’ मी म्हणायचे, न घेईनात का, दात तर राहतील. तुम्ही म्हणायचात, मंजन घ्यायला आले तरच तंबाखू सोड म्हणून सांगता येतंय, न आल्यावर कुणाला सांगू? तेही खरंच होतं, म्हणून माझं तोंड बंद व्हायचं. मग मी भांडी आदळायचे आणि तुम्ही कवळी त्याच मंजनाने घासत बसायचात, मोरीत, आतून कडी लावून. पावडरीने घासू नका, ओरखडे पडतील, असं डॉक्टरने बजावलं होतं. ओरखडे पडलेच. आता वाटीतल्या पाण्यात स्पष्ट दिसतात.

शेवटी आपलं वाजलं ते श्रीनिवासवरून. पद्माक्काचा हा धाकटा आपल्या अंगाखांद्यावर वाढलेला. टॉवेलच्या कारखान्यात लागला, लग्न झालं, आणि हल्ली हसताना ओठ मिटून हसायला लागला. मी अंगणवाडीत लहान पोरांची तोंडं बघून आयुष्य काढलंय, मला कळतं. एकदा तो ओट्यावर थुंकला तर नुसतं रक्त. तुम्ही त्याला सालीचा काढा दिलात, मंजन दिलंत, आणि हो, डॉक्टरला दाखव असंही म्हणालात. तो म्हणाला, तुमचे दात बघितल्यावर मला डॉक्टर कशाला पाहिजे मामा? तो गेल्यावर मी तुमच्यासमोर उभी राहिले. म्हणलं, त्या पोराला तरी सांगा. एकट्याला सांगा, बाकी कुणाला नको. तुम्ही तांब्यातल्या पाण्याने ओट्यावरचं रक्त धुतलंत. मग म्हणालात, ‘सांगतो. जरा दम धर.’ तुम्ही सांगणार होतात, यावर माझा विश्वास आहे. पण त्याच आठवड्यात तुमच्या छातीत कफ भरला आणि आपण दवाखान्यात गेलो.

रिक्षात बसताना तुम्ही माझा हात धरून म्हणालात, ‘काय झालंच, तर दात लावल्याबिगर मला कुणाला दाखवू नको.’ मी म्हणलं, बरं. त्या वेळी कुणीही बरंच म्हणलं असतं. तिथे गेल्यावर ऑक्सिजन लावायच्या आधी सिस्टरने कवळी काढली, धुतली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर तुमचं नाव लिहिलं आणि माझ्या हातात दिली. सांभाळून ठेवा हो आजी, घरी जाताना लागेल, म्हणाली. मग तुम्हाला बोलता येईना. पुन्हा मौन, या खेपेला खरं. मी दिसले की तुम्ही बोट उचलून तोंडाकडे दाखवायचात. मी पिशवी दाखवायचे, आहे म्हणून. तुम्ही डोळे मिटायचात. आपलं शेवटचं बोलणं ते एवढंच, अहो. कवळीबद्दलच.

सकाळी तुम्ही गेलात. कागदपत्रं, सह्या, गाडी, यात मला पिशवीची आठवणच राहिली नाही. घरी आणून तुम्हाला खाली ठेवलं, हनुवटीखालून पट्टी बांधलेली होती. मंगल पुण्याहून निघाली होती, ती येईपर्यंत थांबायचं होतं. गाल आत बसलेले, ओठ आत वळलेले, तुम्ही तुमच्यासारखे दिसतच नव्हता. मला तेव्हा आठवलं. बायकांना म्हणलं, जरा बाहेर व्हा, मला त्यांचं तोंड पुसायचंय. पट्टी सोडली. पण जबडा आवळून बसला होता, जराही हलेना. मी बोटं घालून बघितली, विनवण्या केल्या, रागावलेसुद्धा. तुम्ही काही तोंड उघडलं नाहीत. कवळी हातात धरून मी तिथेच बसून राहिले आणि बाहेर माणसं खोळंबली होती.

तुळशीपत्र ठेवायला श्रीनिवास आला. तुमच्या तोंडात पाणी घालायचा हक्क त्याने स्वतःकडे घेतला होता, मीही अडवलं नाही. त्याने ओठ बाजूला केले आणि थबकला. परत वाकून बघितलं. मग उभा राहिला आणि त्याचा चेहरा बदलला.

‘मामांचे दात कुटं हायत?’

कुणाला काही कळेना. मग एकाने वाकून बघितलं, दुसऱ्याने बघितलं. दात न्हाईत, एकपण न्हाय. गुणगुण सुरू झाली. आठवड्यापूर्वी तर ओट्यावर बसून हसत होते. दवाखान्यात नेताना होते की, मी बघितलंय. नळी घालायला पाडले असतील. कुणीतरी म्हणालं, काढून घेत्यात आजकाल, काय सांगावं. आता माणसाचे दात काढून घेऊन कोण काय करणार आहे, पण रडणाऱ्या माणसांना डोकं नसतं. श्रीनिवासने चप्पल घातली. पोरं त्याच्या मागे निघाली, गाड्यांच्या चाव्या वाजायला लागल्या. विचारून येतो म्हणाला, पण त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या. विचारून येणारा माणूस तसा निघत नाही.

अहो, मी तुमच्याकडे बघितलं. खरंच बघितलं. गप्प राहिले असते तर तुमचं नाव राहिलं असतं. दवाखान्याने दात काढले आणि मामांचं मंजन खरं, अशी गोष्ट गल्लीत कायमची झाली असती. आणि मला ती सिस्टर दिसत होती, पिशवीवर नाव लिहिणारी, तिचं काय चुकलं होतं? आणि या पोराच्या हिरड्या दिसत होत्या. मी उठले, दारात गेले आणि पदराखालून हात पुढे केला.

‘श्रीनिवास, हे बघ मामांचे दात. कवळी आहे. त्यांचे सगळे दात तू लहान होतास तेव्हाच गेले. हिरड्यांतून रक्त येत होतं, पू येत होता, डॉक्टरकडे वेळेत गेले नाहीत म्हणून गेले. मंजन त्याच्यानंतरचं.’

माझ्या हातात ते दात, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. मला वाटलं, आता कुणीतरी हसेल आणि तुम्ही जन्मभर ज्याला भ्यालात ते तुमच्या मातीच्या दिवशी होईल. पद्माक्का भिंतीला टेकून बसली होती. तिने कवळीकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, म्हणजे ते मौन? मी म्हणलं, व्हय, तेच.

‘माझा नारळ वाया गेला की मग,’ ती म्हणाली.

कोण आधी हसलं ते मला माहीत नाही. बहुतेक मीच. घरात तुम्ही खाली ठेवलेले, आणि बायका पदरात तोंड घालून हसतायत, पुरुष दुसरीकडे बघतायत. हसता हसताच मला रडू फुटलं. सकाळपासून डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते तेव्हा आलं, आणि मग थांबेचना. पद्माक्काने मला धरलं. तीही रडत होती, तुम्हाला भाऊ मानायची ना, अण्णा, अण्णा म्हणून. तुम्हाला कुणी हसलं नाही हो. हसले ते त्या नारळाला. तुमच्यासाठी नुसतं रडले सगळे.

श्रीनिवास मात्र हसला नाही आणि रडलाही नाही. चपला काढून ओट्यावर तुमच्या जागी बसला, ओठ मिटून. मंगल आली, तिने अग्नी दिला, सगळं रीतसर झालं. तो खांदा द्यायला पुढे होता, पण कुणाशी बोलला नाही. मला वाटलं, रागावलाय, तुमच्यावर की माझ्यावर ते कळेना. तुम्ही त्याला फसवलंत असं त्याला वाटलं असेल तर ते अगदीच चूक नव्हतं, हेही तुम्हाला सांगायलाच पाहिजे.

तेराव्याच्या आदल्या दिवशी तो आला. माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि काही न बोलता तोंड उघडलं, तुमच्यासमोर उघडायचा तसं. मी चष्मा लावून बघितलं. हिरड्या लाल होत्या, पण स्वच्छ. सात रस्त्याच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. खालचे दोन काढावे लागणार आहेत, म्हणाला. बाकीचे खरवडून साफ करतायत, नीट निगा ठेवली तर टिकतील. मग म्हणाला, मामांनी आधी सांगितलं असतं तर ते दोनपण वाचले असते काय मामी? वाचले असते बहुतेक, म्हणलं. तुम्ही सांगणार होता, हेही सांगितलं. त्याने मान हलवली. उठताना विचारलं, गुळणीला साल हाय का घरात? डॉक्टरने पावडर सध्या नको म्हणून सांगितलं होतं, नुसत्या काढ्याची गुळणी केली तर चालेल म्हणाला होता. मी साल दिली. तुम्ही वाळवून ठेवलेली ती शेवटचीच होती.

तर असं आहे सगळं. भांडण माझ्या बाजूने मिटलं, पण समोर तुम्ही नसताना जिंकण्यात काय मजा? ‘बघा, मी म्हणत होते की नाही,’ हे मी वाटीकडे बघून म्हणून बघितलं. काही समाधान झालं नाही. तुम्ही भांडायला पाहिजे होतात. मंजन कुटायला बसले काल, तर माझा एक घाव झाला की हात आपोआप थांबतो, तुमच्या घावासाठी. मग आठवतं, आणि पुढचाही मीच घालते.

आणि हो, कुटायला बसले, कारण डबे यायला लागलेत. मला वाटलं होतं, आता हे बंद. पण काल सकाळी दार उघडलं तर ओट्यावर डबे मांडून ठेवलेले. मी ठरवलं, द्यायचं तर आता माझ्या रीतीने द्यायचं. जो येईल त्याच्यापुढे आधी फळीवरची वाटी खाली काढते. हे मामांचे दात, म्हणते. रक्त येत असेल, दात हलत असेल, तर आधी डॉक्टरकडे जायचं आणि मग माझ्याकडे यायचं. तुम्हाला राग येईल, ठाऊक आहे. येऊ द्या. पण तुम्ही जन्मभर मला एकच विचारत आलात, बोळक्या माणसाचं मंजन कोण घेईल, आणि मला कधी उत्तर देता आलं नाही. आज पहिली पद्माक्का होती. मी वाटी तिच्यापुढे धरली. तिने वाकून, चांगलं निरखून बघितलं.

‘दात चांगले होते अण्णांचे,’ म्हणाली, आणि डबा पुढे केला.